लालमतीतली घरची नावं

पुष्पावतीला कुणी विचारलं, "तू ऑफिसात करतेस तरी काय?", तर ती सांगायची, "यंत्र कुठे अडतं ते बघत बसते." ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई विनय दाखवतेय. विनय तिने जन्मात कधी दाखवला नव्हता. तिचं काम खरोखरच तेवढं होतं, आणि ते तिच्याइतकं चोख करणारं माणूस साऱ्या पोर्ट लुईत दुसरं नव्हतं. हे तिला स्वतःला पक्कं ठाऊक होतं, आणि ती ते बोलूनही दाखवायची.

बेटाच्या या राजधानीपासून बसने तासाभरावरच्या लालमती गावातल्या सत्यनारायणांची ही एकुलती एक मुलगी. आई लवकर गेली. घरात बापलेक दोघंच, आणि घरामागे ऊस. बहात्तर साली, अठरा वर्षांची असताना, ती पोर्ट लुईतल्या ऊस नोंदणी कार्यालयात लागली. वरच्या मजल्यावर एका लांबट खोलीत चौदा मुली दिवसभर कार्डांना भोकं पाडत बसायच्या. प्रत्येक कार्ड म्हणजे एक शेतकरी, आणि प्रत्येक भोक म्हणजे त्याच्या शेताची काहीतरी माहिती. भोक चुकलं की शेतच दुसऱ्या गावात जायचं. पुष्पावतीच्या हातून असं एकही शेत गाव सोडून गेलं नाही. पंचाहत्तरच्या वादळात छप्पर उडून चार हजार कार्डं भिजली, तेव्हा सगळ्यांनी हात टेकले होते. हिने घरून कोळशाची इस्त्री आणली, ओल्या कार्डांवर फडकं घातलं आणि एकेक कार्ड सरळ करून क्रमाने लावलं. नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी यंत्राने सगळी कार्डं मुकाट गिळली. वरिष्ठांनी शाबासकी दिली नाही, फक्त विचारलं, "इस्त्रीचा वास कधी जाईल?"

मग कार्डं गेली, टेपांची रिळं आली. रिळं गेली आणि त्र्याऐंशी साली विलायतेहून एक नवं यंत्र आलं. कपाटाएवढं. त्याच्यासाठी थंड खोली बांधली. उत्तर आणि पूर्व भागातल्या एकवीस हजार लहान ऊसवाल्यांची नोंद त्यात गेली. कुणाचं शेत कुठे, लॉरी कुणाची, कारखान्यात ऊस न्यायची पाळी कुठल्या दिवशी, सगळं त्या एका डेटाबेसमध्ये. पुष्पावतीला यंत्राजवळची खुर्ची मिळाली. बरोबरीच्या मुली लग्न करून गेल्या होत्या. तिला दोन स्थळं आली होती, पण दोघांनीही नोकरी सोडायची अट घातली, म्हणून तिने ती स्थळंच सोडली.

यंत्राचा खरा उपयोग दिसला चौऱ्याऐंशी साली. लालमती आणि पितों या दोन गावांत कार्यालयाने एकेक खिडकी उघडली. खिडकीत एक पडदा, एक कळफलक आणि मागे पोर्ट लुईपर्यंत टेलिफोनची तार. शेतकऱ्याने यायचं आणि विचारायचं, "माझी पाळी कधी?" कारकुनाने तो प्रश्न, म्हणजे जिला ऑफिसातली मंडळी क्वेरी म्हणायची ती, यंत्राला टाकायची. यंत्राने उत्तर द्यायचं. त्याआधी एवढ्याचसाठी पोर्ट लुईला जावं लागे. जाता-येता बस, मध्ये रांग, सगळा दिवस पाण्यात. आणि उसाचं तर असं की कापला की दोन दिवसांत चरकात गेला पाहिजे. पाळी बदलली आणि तुम्हाला कळलंच नाही, तर कापलेला ऊस शेतात पडून वाळतो. त्यामुळे ती खिडकी म्हणजे लालमतीत साक्षात देवळानंतरची दुसरी जागा झाली होती.

आणि मग शहाऐंशीच्या जूनमध्ये, कापणी सुरू झाली आणि यंत्र अडू लागलं.

सकाळी साडेसात ते दहा, रोज. एका साध्या प्रश्नाला चार-चार मिनिटं. लालमतीची रांग खिडकीपासून चिनी दुकानापर्यंत जाऊ लागली. पोर्ट लुईतल्या साहेबांच्या पडद्यावरही अक्षरं हलेनात, आणि साहेबांचा पडदा अडला की मगच ऑफिसात काहीतरी अडलंय असं मानायची पद्धत होती. हे साहेब म्हणजे संचालक चंद्रमोहन. माणूस वाईट नव्हता, पण त्याला उत्तरं आधी सुचायची आणि प्रश्न नंतर.

"त्या दोन गावांच्या तारा यंत्राचा गळा धरतायत," त्याने जाहीर केलं. "वीस ऑगस्टला आपल्या नियामक मंडळाची बैठक आहे. मी सुचवणार आहे, दोन्ही खिडक्या बंद करा. लोक पूर्वी येत होतेच की पोर्ट लुईला."

नाचता येईना, अंगण वाकडं! पुष्पावतीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तिच्या हातात पुरावा नव्हता, आणि पुराव्याशिवाय भांडणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं.

पुराव्याची तिची रीत अशी. यंत्राजवळ एक छापणारं खोकं होतं. कुठल्या पडद्यावरून प्रश्न आला, किती वाजता आला, उत्तर किती वाजता गेलं, याची एकेक ओळ ते कटकट करत लांबलचक कागदावर छापायचं. हा कागद कुणी वाचत नसे. संध्याकाळी तो रद्दीत जाई. पुष्पावतीने तो वाचायला घेतला. प्रश्न आला की ती मनात दहापर्यंत मोजायची, देवळातल्या संध्याकाळच्या वर्गात शिकलेल्या मराठीत, कारण रोजच्या बोलीत, क्रेओलात, मोजलं की तिची घाई व्हायची. दहाच्या आत उत्तर गेलं तर ठीक. नाही गेलं तर त्या ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ, आणि वहीत नोंद. तीन आठवड्यांत वही भरली. सहाशे बारा रेघा.

पहिला निष्कर्ष तिने घाईने काढला आणि तोंडघशी पडली. सकाळी आठ वाजता गजेंद्र एक मोठा अहवाल चालवायचा. हा गजेंद्र यंत्राचे कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, लिहिणारा पोरगेला माणूस, लंडनहून शिकून आलेला. पुष्पावतीने सगळ्यांसमोर त्याच्या टेबलावर वही आपटली.

"चोर सापडला. तुझा अहवाल."

गजेंद्र तिला दीदी म्हणायचा आणि थोडा घाबरायचाही. त्याने निमूटपणे अहवाल दुपारी चारवर नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र तेवढंच अडलं. तिसऱ्या दिवशीही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुष्पावतीने गजेंद्राला चहा पाजला, त्यावर एक समोसा दिला आणि पुन्हा वही उघडली. माफी मागायची तिची रीत तेवढीच होती.

या वेळी तिने वेळ पाहिली नाही, पडदा पाहिला. सहाशे बारांपैकी पाचशे नव्वद रेघा दोनच पडद्यांच्या निघाल्या. लालमती आणि पितों. म्हणजे साहेब बरोबर होते की काय? तिने दिवसभर वही पुन्हा पुन्हा चाळली. पण एक गोष्ट तिला खटकत होती. त्याच लालमतीच्या पडद्यावरून आलेले काही प्रश्न दोन सेकंदांत सुटत होते. तार तीच, गाव तेच, खिडकीतली बाई तीच. मग काही प्रश्न हलके आणि काही जड, असं का? खोकं फक्त वेळ छापायचं. प्रश्न काय होता ते छापत नव्हतं. तो बघायचा तर खिडकीतच जाऊन बसायला हवं होतं.

आता गंमत अशी, की लालमतीची ही मुलगी लालमतीच्या खिडकीत कधी गेलीच नव्हती. ती सहाची बस पकडायची, खिडकी साडेसातला उघडायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिने एक दिवसाची रजा टाकली.

खिडकीत बसंती मावशी होती. रुंद, हसरी, पन्नाशीची बाई, जिला गावातल्या प्रत्येक माणसाची कुंडली पाठ. पुष्पावती तिच्या मागे स्टुलावर बसली. पहिला म्हातारा आला.

"नंबर?" बसंतीने विचारलं.

"नंबर मो पा कोने, गो," म्हातारा म्हणाला. नंबर मला ठाऊक नाही. "लक्ष्मण म्हन."

"लक्ष्मण या गावात चौतीस हायत. तू बिस्की ना?"

"व्हय, व्हय. बिस्की."

बसंतीने पडद्यावर काहीतरी टाकलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. पडद्यावरची खूण लुकलुकत राहिली. पुष्पावतीने दहापर्यंत मोजलं. मग शंभरपर्यंत. रांगेतल्या लोकांनी सवयीने भिंतीला पाठ टेकली.

"मावशी, तू टाकलंस काय?"

"बिस्की टाकलं. शेऱ्यामध्ये सोध म्हनून सांगितलं त्याला." बसंती अभिमानाने वळली. "ही माजी युक्ती हाय, पुष्पा. नंबर कोनाला याद राहात नाय. कागदावरचं नाव एकच, चौतीस जनांना. मग यंदा कापनीआधी मीच बसले आन् फॉर्मात खाली शेऱ्याची जागा होती ना, तिथे सगल्यांचं घरचं नाव घातलं. पितोंवाल्यांना पन मीच शिकवलं."

घरचं नाव म्हणजे ते, ज्याला क्रेओलात नों गाते म्हणतात. जन्माच्या दाखल्यावर नसतं, पण गाव त्याच नावाने हाक मारतं. एखाद्याने लहानपणी बिस्किटं पळवली, झाला बिस्की. एखाद्याने लग्नात मामाचा मोठा कोट घातला, झाला ग्रो पाल्तो. एखाद्यावर कोंबडी चोरल्याचा आळ आला, झाला वोलेर पूल, कोंबडीचोर. ते नाव मरेपर्यंत सुटत नाही.

पुष्पावतीने पडद्यावर शेरे वाचले आणि तिला हसू आवरेना. 'बिस्की. डाव्या कानाने ऐकत नाही, मोठ्याने बोलणे.' 'ग्रो पाल्तो. भावाशी बोलत नाही, भावासमोर पाळी सांगू नये.' 'वोलेर पूल. कोंबडी चोरली नव्हती असे म्हणतो.' हसता हसता ती एकदम थांबली. तिला कळलं होतं. नंबर टाकला तर यंत्राला नेमकं पान ठाऊक असतं, ते थेट तिथे जातं. पण शेऱ्यात शोध म्हटलं की बिचारं पहिल्या शेतकऱ्यापासून एकवीस हजाराव्यापर्यंत प्रत्येकाचा शेरा वाचत सुटतं. एका खड्यासाठी सगळं पोतं सुपात घेऊन पाखडायचं, तसं. आणि लालमतीत एक पाखडणी चालू असतानाच पितोंहून दुसरी सुरू होत होती.

दुसऱ्या दिवशी तिने गजेंद्राला सांगितलं. तो आनंदाने उठलाच.

"मग सोपं आहे, दीदी. शेऱ्यातला शोध बंद करतो. नंबर आणला तरच उत्तर."

"आणि नंबर नाही आणला तर?"

"घरी जाऊन आणावा."

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" पुष्पावती कडाडली. "घरी नंबर असता तर तो म्हातारा खिडकीत बिस्की-बिस्की करत राहिला असता का? बाबा रे, ऊस कापून पडलाय त्याचा. मला एक सांग, त्या चौतीस लक्ष्मणांत बिस्की किती?"

"एकच असेल."

"बघ काढून. सगळ्यांचं बघ. एका गावात एकच घरचं नाव दोघांना आहे का?"

गजेंद्राने दोन संध्याकाळी यंत्र मोकळं झाल्यावर लालमतीचे शेरे छापून एकेक तपासले आणि कागद घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. लालमतीत कागदावरचं नाव दुसऱ्या कुणाशी जुळतं असे अठराशे लोक. घरचं नाव जुळतं असे फक्त चार. चारच. गावाने ती नावं ठेवलीच होती माणसं वेगळी ओळखू यावीत म्हणून. नंबर देणाऱ्या साहेबांना जे जमलं नाही, ते गावाने टिंगल करता करता कधीच करून ठेवलं होतं.

"याला स्वतंत्र रकाना दे," पुष्पावती म्हणाली. "गाव आणि घरचं नाव. आणि त्या रकान्याची सूची बांध, नंबराची आहे तशी. मग यंत्राला पाखडत बसायला नको."

"सूची एका रात्रीत बांधेन," गजेंद्र म्हणाला. "पण दीदी, शेऱ्यात नावाबरोबर भाऊ, कान, कोंबडी सगळं कालवलंय. त्यातून नुसती नावं यंत्राला निवडता येणार नाहीत. ती हातानेच काढावी लागतील. दोन्ही गावांची मिळून एकतीसशे. आणि आज आहे आठ ऑगस्ट."

म्हणजे बारा दिवस. चंद्रमोहनने परवानगी दिली, पण अशी की नाही म्हटलं असतं तर बरं. "करा हवं तर. पण वीस तारखेला मंडळ स्वतः यंत्रासमोर उभं राहील. त्यांच्यासमोर अडलं, तर खिडक्या त्याच दिवशी बंद."

मग जे काम सुरू झालं त्याला तोड नाही. दिवसा पुष्पावती शेऱ्यांचे कागद छापून घ्यायची, संध्याकाळी बसने लालमतीला यायची आणि बसंतीच्या अंगणात दोघी बसायच्या. बसंती नाव वाचायची, पुष्पावती कोऱ्या यादीत उतरवायची. गावात बातमी फुटायला किती वेळ? दुसऱ्याच दिवशी माणसं कुंपणाशी जमली. कुणी म्हणे माझं खरं घरचं नाव राजा आहे. बसंती म्हणे, राजा तुझ्या बायकोसाठी, गावासाठी तू बेडूक. कुणी चिडला, कुणी लाजला. वोलेर पूल स्वतः आला आणि सरकारी यंत्रात असलं नाव चालणार नाही म्हणून तासभर भांडला.

"चोरली व्हती का नव्हती?" बसंतीने विचारलं.

"नव्हती!"

"मग नाव बदलू? पन मंग तुला हुडकायचा कसा?"

तो विचार करून म्हणाला, "राहू दे. पन खाली लिव, की नव्हती चोरली."

"ते आधीच लिवलंय, बाबा."

जी दोन नावं दोघादोघांना होती, ती त्याच अंगणात मिटली. थोरला भोंगा आणि धाकटा भोंगा. दुसरी जोडी भावाभावांची निघाली आणि भांडणही जुनंच निघालं, पण तीही मिटली.

सातव्या संध्याकाळी स च्या पानावर पुष्पावतीचा हात थांबला. कागदावर होतं: 'सत्यनारायण. सुका ऊस. याबद्दल विचारू नये.'

पुढे शेताची जागा होती, तिच्याच घरामागची. तो तिचा बाप होता.

"मावशी, हे काय?"

बसंतीने हातातला कागद खाली ठेवला. मग तिने सांगितलं. अठ्ठ्याहत्तर साली, कापणीत, बाबांची पाळी बदलली. ते विचारायला पोर्ट लुईला गेले. खिडकीच्या रांगेत दिवसभर उभे राहिले, नंबर लागायच्या आत खिडकी बंद झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. इकडे कापलेला ऊस तीन दिवस शेतात. शेवटी लॉरी भरून नेला, तर कारखान्याने फाटकातूनच परत पाठवला. भरली लॉरी भर दुपारी गावातून परत आली. सगळ्यांनी पाहिली. त्या दिवसापासून ते सुका ऊस.

"पोर्ट लुईला?" पुष्पावतीचा आवाज चिरकला. "आमच्या ऑफिसात? मी तेव्हा वरच होते. वरच्या मजल्यावर. मला का नाही बोलावलं?"

"मीबी इचारलं व्हतं तेला. बोलला, पोर कामावर हाय. बाप रांगेत उभा हाय असं कोनी तिला दाखवायला नको."

पुष्पावती रडली. उघड रडली, बसंतीच्या अंगणात, कुंपणाशी माणसं असताना. आठ वर्षं त्या माणसाने तिला पत्ता लागू दिला नव्हता, आणि सारं गाव त्याला त्या नावाने हाक मारत होतं, फक्त तिच्यासमोर मारत नव्हतं. रडून झाल्यावर तिने डोळे पुसले, यादी पुढे ओढली आणि बापाच्या नावापुढची जागा कोरी सोडून पुढच्या नावावर गेली. आपला तो बाब्या! गावातल्या बेडकांना आणि कोंबडीचोरांना जिने क्षमा केली नाही, तिने एवढी एक जागा कोरी सोडली. बसंतीने पाहिलं आणि पुढचं नाव वाचलं.

विषय काढला तो बाबांनीच. यादी पुरी झाली त्या रविवारी सकाळी, चहा पिता पिता.

"माजं नाव घातलंस?"

"कुठलं, बाबा?"

"आता कशाला येड घेऊन पेडगावला जातेस? गावाला कलतं ते मला कलत नाय? सुका ऊस. घातलंस का नाय?"

"नाही."

"का?"

"ते काय नाव आहे? त्यात तुमची काय चूक होती? लाज त्या ऑफिसाला वाटायला पाहिजे, तुम्हाला नाही."

सत्यनारायणांनी कप खाली ठेवला. ते कमी बोलणारे गृहस्थ, पण त्या दिवशी बोलले. "ऐक. या गावात सत्यनारायन अकरा हायत. मी खिडकीत गेलो आन् माजी पाली दुसऱ्या सत्यनारायनाची निघाली, तर माजा ऊस परत वालनार. एकदा वालला तेवढा पुरे झाला. लाजेपायी बापाला हुडकूच नये असं करनार का तू? घाल ते नाव. आत्ता घाल."

तिने घातलं. त्यांच्यासमोर, मोठ्या अक्षरांत. त्याच दुपारी ती यादी घेऊन पोर्ट लुईला गेली. गजेंद्र, ती आणि दोन टंकलेखक मुली मिळून एकतीसशे नावं यंत्रात गेली. सोमवारी सकाळी तिने खोक्याचा कागद पुढ्यात घेतला, पेन्सिल हातात धरली आणि मोजायला लागली. एक, दोन. उत्तर गेलं. एक, दोन. गेलं. दहापर्यंत मोजायची वेळ एकदाही आली नाही. मंगळवारीही नाही. गजेंद्र मागे उभा राहून नुसता हसत होता.

तरी बुधवारी सकाळी तिने खोक्याचा कागद दोनदा तपासला. एखादं यंत्र पाहुणे आले की हमखास रुसतं, हे चौदा वर्षांत तिने पुष्कळदा पाहिलं होतं.

मंडळ आलं. सूट घातलेले सहाजण, मध्ये पांढऱ्या केसांचे अध्यक्ष. थंड खोलीत सगळे कुडकुडत उभे राहिले. चंद्रमोहनने सुरुवातीलाच अंग काढून घेतलं. "हा प्रयोग मामझेल पुष्पावतींचा आहे." म्हणजे बुडालं तर तिचं.

"तयार केलेला नमुना नको," अध्यक्ष म्हणाले. "आत्ता, या घटकेला गावातून खरा प्रश्न येऊ दे."

पुष्पावतीने लालमतीला फोन लावला. पलीकडून आधी गलका ऐकू आला, मग बसंती.

"मावशी, रांगेत पहिला कोण असेल त्याचा प्रश्न टाक. मंडळ बघतंय."

"पयला?" बसंती हसली. "पयला पहाटे पाचपासून येऊन बसलाय गो. कोनाला पुढे जाऊच देत नाय."

आणि मग फोनमधून, बसंतीच्या खांद्यावरून, एक ओळखीचा आवाज आला. खणखणीत, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा. "लाव, बसंती! सुका ऊस लाव!"

समोरच्या पडद्यावर प्रश्न उमटला. पुष्पावती मोजायचंही विसरली. ती श्वास घेते न घेते तोच उत्तर खाली आलं: सत्यनारायण, लालमती, नंबर, शेत, लॉरी, पाळी उद्या सकाळी सहा. पूर्वी होती शुक्रवारी, बदलून उद्यावर आलेली.

"किती?" अध्यक्षांनी विचारलं.

खोक्याने कागदावर छापलं होतं. गजेंद्राने वाचलं, "दोन सेकंद, सर. जूनमध्ये याच प्रश्नाला तीन मिनिटं चाळीस लागत होती."

आणखी टाका म्हणाले. बिस्की आला, दोन सेकंद. पितोंहून एकाच वेळी तिघे आले, तरी तीन सेकंद. धाकटा भोंगा, दोन. एका सदस्याला मात्र हसू आवरेना. "पण ही नावं! सुका ऊस! असली थट्टा सरकारी नोंदीत?"

"ते माझे वडील आहेत," पुष्पावती म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. तिने सगळं सांगितलं, शांतपणे आणि एक अक्षर न लपवता. अठ्ठ्याहत्तर साल, खालची खिडकी, दोन दिवसांची रांग, परत आलेली लॉरी, आणि वरच्या मजल्यावर कार्डांना भोकं पाडत बसलेली ती स्वतः. "त्यांना हे नाव या इमारतीने दिलंय, सर," ती म्हणाली. "गावाने फक्त लक्षात ठेवलं. आज खिडकी नसती तर शुक्रवार धरून ते उद्या घरी बसले असते, आणि पाळी गेली असती. खिडक्या बंद करायच्या असतील तर करा. पण यंत्र हळू चालतं म्हणून करू नका. ते आता हळू चालत नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग चंद्रमोहनकडे वळून म्हणाले, "खिडक्या बंद करायचा ठराव मागे घ्या. आणि पुढच्या कापणीपर्यंत आणखी किती गावांत उघडता येतील, ते मला या बाईंकडून लिहून हवंय. तुमच्याकडून नको."

चंद्रमोहन तांबडा झाला. गजेंद्राने टाळी वाजवली आणि थंड खोलीत ती जरा जास्तच मोठी वाजली. पुष्पावती मात्र लाजली वगैरे काही नाही. "पाच गावांत," ती म्हणाली. "लिहून उद्या देते. पण प्रत्येक गावात एक बसंती शोधावी लागेल, ती तुम्हाला विलायतेहून मागवता येणार नाही."

पुढच्या वर्षी पाच खिडक्या उघडल्या, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी चार. यंत्रावर देखरेख ठेवणाऱ्या विभागाची ती प्रमुख झाली आणि प्रत्येक नव्या कारकुनाला तिने आधी त्या गावात महिनाभर राहायला पाठवलं. कुरकुर झाली. तिने ऐकून घेतली नाही.

पण त्या बुधवारी संध्याकाळी हे पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती नेहमीच्या बसने घरी आली, तर घरामागे कोयत्यांचे आवाज येत होते. बाबांनी सकाळीच माणसं लावून अर्धं शेत उतरवलं होतं. मोळ्या रस्त्याकडेला रचून तयार होत्या, हिरव्या, रसाने जड. बाबा घामाने निथळत बांधावर बसले होते.

"मग, आज खिडकीत किती वेळ थांबावं लागलं?" तिने विचारलं.

"थांबतोय कुठे?" सत्यनारायण वैतागून म्हणाले. "बसंतीला नीट रामराम करायचा व्हता, तर तेवढ्यात पाली आलीच की पडद्यावर! माज्या मागचे वरडायला लागले, हल, हल. आता उद्या ऊस घालून आलो की मुद्दाम जाईन तिच्याकडे."

आणि त्यांनी कोयता उचलला, कारण लॉरी उद्या सकाळी सहाला येणार होती.